गॅस बॉयलर आणि गीझरला लागणारी हवा: किती, कुठून आणि कशी

निळी ज्योत

गॅस बॉयलर किंवा गीझर बसवताना गॅसच्या नळीचा व्यास, पाण्याचा दाब, धुराड्याची उंची सगळं मोजून ठरवलं जातं. हवेचा विषय मात्र "खोलीत हवा असतेच की" एवढ्यावर मिटतो. बर्नरच्या लेखी हवा हासुद्धा एक पुरवठाच आहे, आणि तो गॅसच्या कमीत कमी दहापट लागतो. म्हणून हा धागा फक्त हवेसाठी.

आधी हिशोब. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे १ घनमीटर नैसर्गिक वायूला जवळपास १० घनमीटर हवा. प्रोपेनला सुमारे २४, ब्युटेनला सुमारे ३१. हे आकडे पाहून एलपीजीच्या गीझरला भिंतीत हवेसाठी दुप्पट-तिप्पट मोठी जाळी लागेल असं वाटतं, पण त्या वायूंच्या प्रत्येक घनमीटरमध्ये उष्णताही त्याच प्रमाणात जास्त असते. त्यामुळे हिशोब किलोवॉटमध्ये करावा: गॅस कुठलाही असो, १ किलोवॉट इनपुटला तासाला सुमारे १ घनमीटर हवा. इनपुट म्हणजे जळणाऱ्या गॅसची उष्णता, उपकरणाच्या पाटीवर लिहिलेली; पाण्याला मिळणारी उष्णता नव्हे.

हे झालं कागदावरचं किमान. साध्या बर्नरमध्ये गॅस आणि हवा पूर्ण मिसळत नाहीत, म्हणून ३० ते ५० टक्के हवा जास्तीची द्यावी लागते. त्यावर ड्राफ्ट हूड असेल, म्हणजे धुराड्याच्या तळाशी ती उघडी छत्री, तर तिथूनही जवळपास तेवढीच हवा खोलीतून वर ओढली जाते. सगळं धरून १ किलोवॉटला तासाला २ ते ३ घनमीटर.

आता ही हवा मिळाली नाही तर किती वेळात बिघडतं ते बघा. खोली २ × १.५ मीटर, उंची २.४ मीटर, म्हणजे ७.२ घनमीटर. १२ किलोवॉटचा गीझर मिनिटाला सुमारे ०.०४ घनमीटर ऑक्सिजन खातो. दारं-खिडक्या बंद आणि धूर खोलीतच राहत असेल, तर ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८.५ वर यायला साधारण ४ मिनिटं पुरतात. त्याच सुमाराला ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला ना वास, ना रंग. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा १५ मिनिटांसाठी १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे ९० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ९० भाग) थोडी खाली. बिघडलेला बर्नर बंद खोलीत ही पातळी सहज ओलांडतो.

खिडकीची फट

खोलीला खिडकी असेल आणि ती गीझर चालू असताना उघडी ठेवायची असा नियम घरात पाळला, तर वेगळी जाळी कशाला? बहुतेक ठिकाणी हाच उपाय सांगितला जातो.

चौकोनी झडप

@खिडकीची फट, नाही चालणार. गार वारा आला, पाऊस आला, की पहिली बंद होते ती खिडकीच, आणि गरम पाणी लागतंही नेमकं तेव्हाच. हवेची वाट कायमची उघडी हवी, माणसाच्या आठवणीवर सोडलेली नको. नियमात म्हणूनच "कायमचं उघडं भोक" असा शब्द असतो.

आकारमानाचा नियम देतो. अमेरिकेतल्या एनएफपीए ५४ संहितेतले आकडे मेट्रिकमध्ये बरेच वापरले जातात. तुमच्याकडे वेगळा नियम लागू असेल तर तो वरचढ, पण कल्पना यायला हे उत्तम.

घरातल्याच हवेवर चालवायचं असेल तर दर किलोवॉटला ४.८ घनमीटर मोकळी जागा. मग गीझर कपाटात किंवा छोट्या खोलीत असेल, तर ती जागा शेजारच्या मोठ्या जागेशी दोन भोकांनी जोडायची: एक छतापासून ३०० मिमीच्या आत, दुसरं जमिनीपासून ३०० मिमीच्या आत. एकाच मजल्यावरच्या खोल्या असतील तर प्रत्येक भोक दर किलोवॉटला २२०० चौ. मिमी, आणि कुठल्याही परिस्थितीत ६५० चौ. सेमीपेक्षा लहान नाही.

थेट बाहेरून हवा घेणार असाल तर दोन भोकं, प्रत्येकी दर किलोवॉटला ५५० चौ. मिमी. उभ्या डक्टलाही तेच. आडव्या डक्टने आणणार असाल तर दुप्पट, ११०० चौ. मिमी, कारण आडव्या नळीत हवेला स्वतःहून वर-खाली सरकायला काही मदत नसते. बाहेरून एकच भोक ठेवायचं असेल तर ते वरच्या ३०० मिमीत, दर किलोवॉटला ७०० चौ. मिमी, आणि त्या खोलीतल्या सगळ्या धूरनळ्यांच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा कमी नाही.

भोकाची कुठलीही बाजू ८० मिमीपेक्षा लहान नको. लांबलचक चिंचोळी फट क्षेत्रफळात बसली तरी हवेला रोधच जास्त करते.

मोजपट्टी

४.८ चा नियम कोणी डोळे मिटून लावू नये. त्यामागे असं गृहीत आहे की फटींमधून घरातली हवा तासाला किमान ०.४ वेळा बदलते. रबरी पट्ट्यांच्या खिडक्या, फोम मारलेल्या चौकटी, इन्सुलेशन केलेलं घर यात हा आकडा त्याहून खाली जातो, आणि तिथे ही पद्धत वापरायचीच नाही. घर मोठं आहे म्हणून हवा भरपूर, हे गणित जुन्या सैल घरांचं. नव्या घरात सरळ बाहेरूनच हवा घ्यावी.

एक उदाहरण सोडवून ठेवतो. बॉयलर ३० किलोवॉट, साठवणीचा गीझर १२ किलोवॉट, दोघे एका छोट्या खोलीत. एकूण ४२.

घरातली हवा: ४२ × ४.८ = २०२ घनमीटर. छत २.७ मीटरवर असेल तर ७५ चौ. मीटर जमीन, तीही एकमेकांशी उघड्या असलेल्या खोल्यांची. शिवाय दोन भोकं प्रत्येकी ९२४ चौ. सेमी. बहुतेक ठिकाणी इथेच हा पर्याय बाद होतो.

बाहेरची हवा, थेट भिंतीतून: ४२ × ५५० = २३,१०० चौ. मिमी, म्हणजे प्रत्येकी २३१ चौ. सेमी. १५ × १६ सेमीची दोन भोकं.

चौकोनी झडप

@मोजपट्टी, शेवटच्या ओळीत एक सुधारणा. २३१ हे मोकळं क्षेत्रफळ आहे. १५ × १६ चं भोक पाडून त्यावर लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची झडप, बसवला की हिशोब कोसळतो. उत्पादकाने मोकळ्या क्षेत्रफळाचा आकडा दिला असेल तर तोच घ्यायचा. नसेल तर धातूच्या लूव्हरला ७५ टक्के आणि लाकडी पट्ट्यांना २५ टक्के धरतात. म्हणजे धातूचा असेल तर ३०८ चौ. सेमी, १८ × १८ सेमी चालेल. लाकडी असेल तर ९२४, साधारण ३१ × ३१ सेमी. तोच बॉयलर, तीच खोली, फक्त पट्ट्या बदलल्या तर भोक तिप्पट.

कपाटाच्या दाराला शोभेच्या लाकडी पट्ट्या लावून "हवा खेळती आहे" असं म्हणताना ही गोष्ट हमखास सुटते.

मोजपट्टी

बरोबर, ते राहिलंच. वरचे आकडे मोकळ्या क्षेत्रफळाचे समजावेत. आडव्या डक्टचंही सांगून टाकतो: ४६२ चौ. सेमी प्रत्येकी, म्हणजे गोल डक्ट २४.३ सेमी व्यासाचा, बाजारातल्या मापात २५० मिमी. वरची आणि खालची नळी वाटेत एकत्र करायची नाही, बाहेरपर्यंत वेगवेगळी न्यायची. आणि वरची आडवी नळी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची नाही, गरम हवा वर चढते हे तिथेही लागू आहे.

डासांची जाळी

जाळीबद्दल नेमकं सांगाल का? बाहेरच्या भोकाला जाळी न लावली तर पक्षी आणि उंदीर आत येतात, लावली तर ती बंद पडते.

पास्कल

जाळी लावायची, पण भोकं ६ मिमीपेक्षा बारीक नकोत. डासांची जाळी तर मुळीच नको. काही महिन्यांतच तिच्यावर धूळ, पिसं, कोळ्याची जाळी, कपड्यांचा तंतू यांची गादी बसते.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यात पाहणं गरजेचं आहे. मोजपट्टींच्या उदाहरणात बर्नर आणि ड्राफ्ट हूड मिळून तासाला १०० घनमीटर हवा ओढतात असं धरू. दोन्ही भोकं स्वच्छ असताना ही हवा आत यायला खोलीचा दाब बाहेरपेक्षा १ पास्कलनेही (हे दाबाचं एकक) कमी व्हावा लागत नाही. आता जाळी तीन-चतुर्थांश बुजली, चौथा हिस्साच उघडा राहिला. तेवढीच हवा ओढायची तर वेग चौपट हवा, आणि दाबाचा फरक वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सोळापट. १० पास्कलच्या घरात.

धुराड्याची ओढ किती असते? ४ मीटर उंच धुराडं, आतला धूर ११० अंश, बाहेर ३० अंश: सैद्धांतिक ओढ साडेनऊ पास्कल, घर्षण वजा करण्याआधी. म्हणजे बुजलेल्या जाळीने धुराड्याची सगळी ताकद खाल्ली. धूर ड्राफ्ट हूडमधून खोलीत सांडायला लागणार. आणि धुराडं गार असताना, पेटल्यावरच्या पहिल्या मिनिटाला तर ही ओढ शून्याजवळ असते.

हे घडताना आवाज होत नाही, गॅस कमी होत नाही, पाणी गरम होत राहतं. म्हणून जाळी तपासणं दर तीन महिन्यांनी, आणि झाडाखाली किंवा धुळीच्या रस्त्यावर असेल तर महिन्याला. भोक जमिनीलगत असेल तर पाचोळा, बर्फ किंवा पाणी साचून तळ झाकला जाणार नाही एवढ्या उंचीवर घ्यायचं.

खिडकीची फट

मग स्वयंपाकघरातली चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन यांचं काय? तेही हवा बाहेरच टाकतात.

पास्कल

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा तोच आहे. ज्वलनासाठी काढलेली भोकं बर्नरच्या भुकेप्रमाणे मोजलेली असतात, चिमणीच्या नव्हे. तासाला ६०० घनमीटर ओढणारी चिमणी घ्या. घरातल्या सगळ्या फटी मिळून १००० चौ. सेमी असल्या तरी ती ४ ते ५ पास्कलचा उणा दाब तयार करते. फटी ३०० चौ. सेमीच असतील तर ५० पास्कल. एवढ्या दाबापुढे नैसर्गिक ओढीचं धुराडं उलटं वाहतं: धूर वर जायचा तो खाली येतो.

आणखी घातक म्हणजे गीझरच्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवणं. धूर बाहेर जाईल म्हणून लोक तो मुद्दाम बसवतात. प्रत्यक्षात फॅन आणि धुराडं एकाच हवेसाठी ओढाताण करतात आणि फॅन जिंकतो. यंत्राने हवा द्यायची असेल तर ती आत ढकलायची, बाहेर ओढायची नाही.

तपासणी अशी करावी:

घराची बाहेरची सगळी दारं-खिडक्या बंद. चिमणी सर्वांत वरच्या वेगावर, बाथरूमचे फॅन चालू, कपडे वाळवण्याचं यंत्र असेल तर तेही चालू. ज्या खोल्यांत फॅन आहेत त्यांची आतली दारं उघडी. मॅनोमीटरची, म्हणजे दाबाचा फरक मोजणाऱ्या यंत्राची, एक नळी बाहेर, दुसरी बॉयलरच्या खोलीत. बॉयलरच्या खोलीचं दार उघडं ठेवून एकदा आणि बंद करून एकदा मोजायचं, वाईट निघेल तो आकडा धरायचा. एकट्या ड्राफ्ट हूडवाल्या गीझरला २ पास्कलपेक्षा जास्त उणा दाब चालत नाही. फॅनने धूर ढकलणाऱ्या उपकरणाला १५ पर्यंत, बंद कक्षाच्या उपकरणाला, म्हणजे ज्याचा बर्नर खोलीपासून वेगळा असून हवा थेट बाहेरून घेतो त्याला, ५० पर्यंत.

मग त्याच अवस्थेत गीझर पेटवायचा आणि ड्राफ्ट हूडच्या कडेला उदबत्ती किंवा धुराची पेन्सिल धरायची. सुरुवातीला धूर थोडा बाहेर आला तर चालतं. ५ मिनिटांनंतरही बाहेर येत असेल तर उपकरण बंद करायचं आणि कारण सापडेपर्यंत वापरायचं नाही. उदबत्ती किंवा पेन्सिल नसेल तर आरसा धरा: कडेला वाफ धरली तर धूर सांडतो आहे. दोन उपकरणं एकाच धुराड्यावर असतील तर लहान आधी पेटवायचं, कारण गार धुराडं तापवायची ताकद त्याच्यात कमी असते.

या चाचणीत नापास झालं तर जाळी मोठी करणं हा उपाय क्वचितच पुरतो. चिमणीला भरपाईची हवा वेगळी द्या, किंवा उपकरणच बंद कक्षाचं घ्या.

काजळी

आतापर्यंत सगळं "पुरेशी" हवेवर चाललं आहे. "स्वच्छ" हवेचा मुद्दाही तेवढाच मोठा आहे, आणि त्याचं नुकसान सावकाश होत असल्याने खापर यंत्रावर फुटतं.

तीन वेगळे शत्रू आहेत.

पहिला, क्लोरीन आणि फ्लोरीनची संयुगं. ब्लीच, जलतरण तलावाचं क्लोरीन, रंग काढायचं द्रावण, ड्रायक्लीनिंगचं रसायन, ग्रीस काढायचे फवारे, एसी किंवा फ्रीजमधून गळणारा गॅस. यांची वाफ हवेबरोबर बर्नरमध्ये गेली की ज्योतीत तुटते आणि हायड्रोक्लोरिक किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. धुरात पाण्याची वाफ असतेच, ती जिथे थंड होते तिथे आम्ल बसतं. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये तर धुरातल्या वाफेचं पाणी होणं हीच कामाची पद्धत आहे, त्यामुळे तिथे मार सर्वांत जास्त. स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडमुळे टाचणीएवढी छिद्रं पडतात. तांब्याच्या एक्स्चेंजरवर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) हिरवा थर, बर्नरवर गंजाचे पापुद्रे, धूरनळीला आतून छिद्रं ही त्याची चिन्हं. यासाठी उग्र वास यावा लागत नाही. झाकण सैल असलेला ब्लीचचा एक डबा कायम त्या खोलीत असणं पुरेसं आहे. बॉयलरची खोली ही सफाईच्या सामानाची खोली नव्हे.

दुसरा, सिलिकोन. सीलंट, काही पॉलिश आणि केसांचे फवारे. जळल्यावर त्याची सिलिका होते, पांढरी पूड, आणि ती ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडवर थर धरते. हा थर वीज वाहू देत नाही. बॉयलर पेटतो, ज्योत दिसते, तरी काही सेकंदांत बंद होतो. इलेक्ट्रोड बारीक पॉलिश कागदाने किंवा स्टील वूलने पुसला की चालतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. असं वारंवार होत असेल तर सुटे भाग बदलण्याआधी खोलीत काय फवारलं जातं ते शोधा.

तिसरा, साधी धूळ आणि तंतू. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी गीझर असेल तर तंतू बर्नरच्या प्राथमिक हवेच्या भोकांत (जिथून गॅसमध्ये जळण्याआधीच हवा मिसळते) आणि गीझरच्या तळाच्या ज्योतरोधक जाळीत अडकतो. बाहेरची जाळी स्वच्छ, खोलीत हवा भरपूर, आणि बर्नर तरी उपाशी. साठवणीच्या ज्या गीझरना तळाला ज्योतरोधक असतो, त्यांत हा प्रकार असा दिसतो: पायलट, म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटते, मोठा बर्नर काही मिनिटं चालतो, मग तापमानाची सुरक्षा कळ गॅस बंद करते. गॅस बंद करून, गार झाल्यावर तळाची जाळी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायची.

डासांची जाळी

नव्या घरात प्लॅस्टर आणि रंग वाळवायला बॉयलर चालू ठेवतात. ते चालतं का?

काजळी

खोलीतली हवा घेणारा असेल तर नको. जिप्समची पूड, फरशी कापल्याची धूळ, रंगाची वाफ सगळं आत जातं. प्रीमिक्स बर्नरचं (गॅस आणि हवा आधीच मिसळून जाळणाऱ्या) डोकं बारीक धातूच्या तंतूंचं किंवा सूक्ष्म छिद्रांचं असतं, तिथे बसलेली पूड पुसून निघत नाही, बहुतेक वेळा डोकंच बदलावं लागतं. बंद कक्षाचा असेल आणि हवा स्वच्छ बाहेरून येत असेल तर चालेल, पण मग हवेच्या नळीचं तोंड फरशी कापणाऱ्या माणसाच्या बाजूला नको.

समकेंद्री

बंद कक्षाचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहितो. यात बर्नर खोलीपासून पूर्ण वेगळा असतो. बाहेरून हवा आणणारी आणि धूर नेणारी अशा दोन नळ्या, किंवा एकात एक बसवलेली समकेंद्री नळी: ६०/१०० किंवा ८०/१२५ मिमी. आतून धूर, बाहेरच्या कड्यातून हवा. वरच्या ओढाताणीच्या समस्या यात जवळजवळ संपतात. घर नवं आणि घट्ट असेल तर दुसरं काही घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

पण इथेही हवा बिघडते. एकात एक बसवलेल्या नळीचा आतला जोड नीट बसला नाही, रबरी रिंग गुंडाळली गेली किंवा सुटली, की धूर थेट येणाऱ्या हवेत मिसळतो. बाहेरून काहीच दिसत नाही. यासाठी हवेच्या कड्यातल्या चाचणीच्या भोकातून विश्लेषकाने, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने, ऑक्सिजन मोजायचा. तो २०.६ टक्के किंवा त्याहून जास्त असायला पाहिजे, आणि कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्क्यांच्या खाली. ऑक्सिजन २०.२ दिसला तर "जवळपास ठीक आहे" म्हणून सोडायचं नाही, नळी उघडून जोड बघायचे. हे न तपासता गॅस व्हॉल्व्ह फिरवून ज्वलन "जुळवलं" तर पुढे तो जोड दुरुस्त झाल्यावर मिश्रण चुकीचं ठरतं.

नळीची लांबीही हवेचाच भाग आहे. ६०/१०० मध्ये ९० अंशांचं एक वळण साधारण १ मीटर सरळ नळीएवढा रोध करतं, ४५ अंशांचं अर्धा मीटर. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यायचा. कंडेन्सिंग असेल तर आडवी नळी बॉयलरकडे ३ अंश उतरती, म्हणजे मीटरला सुमारे ५० मिमी, नाहीतर पाणी नळीतच साचून वाट अडवतं.

बाहेरची दोन तोंडं वेगवेगळी असतील तर शक्यतो एकाच भिंतीवर ठेवा. एक वाऱ्याच्या बाजूला, दुसरं आडोशाला गेलं की वाऱ्याच्या झोताने बर्नरचा पंखा गोंधळतो. कोपऱ्यात, बाल्कनीच्या छताखाली किंवा अरुंद गल्लीत धूर फिरून परत हवेच्या तोंडात येतो. सकाळी बर्नर नीट, वाऱ्याच्या दिवशी वारंवार बंद, अशी तक्रार असेल तर आधी तोंडांची जागा बघा. कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळीही हवेच्या तोंडापासून दूर हवी, तिच्यातून तंतू आणि कपड्यांच्या सुगंधी द्रवाची वाफ दोन्ही येतं.

खिडकीची फट

ज्योत पिवळी दिसली तर हवा कमी आहे असंच समजायचं का?

निळी ज्योत

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्योत निळी आणि मधूनच नारिंगी ठिणग्या, हे हवेतली धूळ जळल्याचं लक्षण. झाडल्यानंतर थोडा वेळ असं दिसतं, ते थांबलं तर काळजी नाही. ज्योतीची टोकं कायम पिवळी, आळशी, हलणारी, भांड्यावर किंवा एक्स्चेंजरवर काळं धरणारी, तर ज्वलन अपुरं आहे. एलपीजीच्या ज्योतीला टोकाशी किंचित पिवळेपणा असू शकतो, काळं धरत नसेल तर तो दोष नव्हे.

शोधायचा क्रम: खोलीचं दार पूर्ण उघडून ज्योत सुधारते का बघा. सुधारली तर दोष खोलीच्या हवेत आहे, भोकं आणि जाळ्या तपासा. नाही सुधारली तर बर्नरची प्राथमिक हवेची भोकं, मग एक्स्चेंजरच्या पाकळ्यांमध्ये अडकलेली काजळी. पाकळ्या तुंबल्या की धूर वर जात नाही, त्यामुळे हवाही खालून येत नाही, आणि काजळी आणखी वाढते. तिथेही काही नसेल तर गॅसचा दाब आणि जेटचं (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राचं) माप: नैसर्गिक वायूचं जेट एलपीजीवर राहिलं असेल तर कितीही हवा द्या, ज्योत पिवळीच राहणार.

आणि उलट गोष्टही लक्षात असू द्या. कंडेन्सिंग बॉयलरची ज्योत डोळ्यांनी पारखता येत नाही. तिथे विश्लेषकच लागतो.

चौकोनी झडप

मोठ्या बॉयलर खोल्यांसाठी दोन ओळी. गार प्रदेशात उघड्या जाळीतून येणारी हवा पाण्याच्या नळ्या गोठवते, म्हणून कोणीतरी पुठ्ठा लावून ती बंद करतं आणि मग अपघात होतो. पुठ्ठ्याऐवजी मोटरवाली झडप बसवा, पण तिला शेवटपर्यंत उघडल्याचं सांगणारी कळ हवी आणि ती कळ बर्नरच्या साखळीत, म्हणजे त्याला पेटायची परवानगी देणाऱ्या सुरक्षा कळांच्या मालिकेत, जोडलेली हवी. झडप उघडली नाही तर बर्नर पेटताच कामा नये. फॅनने हवा देणार असाल तर दर किलोवॉटला तासाला किमान २ घनमीटर, आणि तिथेही हवा वाहत असल्याचं सिद्ध करणारी कळ बर्नरच्या साखळीतच. फॅनला वीज मिळते आहे एवढ्यावर समाधान मानायचं नाही, पट्टा तुटला तरी मोटर फिरत असते.

डासांची जाळी

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला तर यातलं किती सांभाळलं जातं?

पास्कल

अलार्म लावाच, पण तो हवेच्या जागी नाही. युरोपीय मानक ईएन ५०२९१ प्रमाणे ५० पीपीएमला तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे कमी पातळी तासभर चालली तरी तो गप्प असू शकतो, तशीच त्याची रचना आहे. उपकरणापासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर, भिंतीवर असेल तर दार-खिडकीच्या माथ्यापेक्षा वर आणि छतापासून किमान १५० मिमी खाली. पडद्यामागे, कपाटात किंवा हवेच्या भोकासमोर नको, तिथे तो ताजी हवाच मोजत बसतो.

मोजपट्टी

शेवटी एक प्रसंग जो बदलाच्या वेळी हमखास येतो. ३० किलोवॉटचा जुना बॉयलर काढून बंद कक्षाचा बसवला, १२ किलोवॉटचा ड्राफ्ट हूडवाला गीझर तसाच ठेवला. आता बॉयलरला खोलीची हवा नको, म्हणून कोणी भिंतीतली भोकं बुजवून टाकतो. गीझरला ती अजून लागतात: १२ × ५५० = ६६ चौ. सेमी मोकळं क्षेत्रफळ, दोन्ही ठिकाणी, आणि ८० मिमीचा बाजूचा नियमही आहेच. जुनी भोकं आहेत तशी ठेवली तर उत्तमच.

भोकांइतकंच महत्त्वाचं जुनं धुराडं. ते ४२ किलोवॉटसाठी बांधलेलं असतं. एकट्या १२ किलोवॉटचा धूर त्यात तापत नाही, ओढ तयार होत नाही, वाफ आतच पाणी होऊन विटा भिजवते. धुराड्यात गीझरच्या मापाची अस्तरनळी सोडायची आणि मग पास्कल यांनी दिलेली चाचणी पुन्हा, चिमणी आणि फॅन चालू ठेवून. त्यात गीझर पास होत नसेल तर तोही बंद कक्षाचा घ्या. भोकं बुजवायची ती त्यानंतरच, आणि तीसुद्धा कपाटातलं उपकरण गार ठेवायला किती हवा लागते हे पुस्तिकेत बघून.